हाय म्हणजे हो

मी तीन भाषांत गप्प बसते. घरी मराठीत, बाजारात गुजरातीत आणि शाळेत होते तेव्हा इंग्रजीत. त्यामुळे जपानी शिकायला जपानला जायचं म्हटल्यावर आई म्हणाली, "आता चौथ्या भाषेत गप्प बसायला इतक्या लांब कशाला?"

बाबा बोटीवरून आले आणि त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "तलासरीला मावशीकडे राहायला जातेस आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने परत. जपानहून कुठली बस पकडणार?" पण हे बोलताना ते हसले. त्या हसण्यातच मी त्यांचा होकार धरला.

आईचा मात्र कुठे सापडेना. ती चिडवायची. नको म्हणायची नाही, पण जा असंही म्हणायची नाही. आणि मी तिला सरळ विचारलं नव्हतं. सरळ विचारणं मला कुठल्याच भाषेत जमत नाही.

माझा जपानीचा क्लास ऑनलाइन होता. चिखले गावातल्या आमच्या घरात फोनला नीट रेंज मिळते ती फक्त मागच्या पडवीत, आणि तिथेच आई सुका जवळा निवडायला बसते. त्यामुळे क्लास दोघींचा झाला. जपानीत 'हो'ला 'हाय' म्हणतात हे कळल्यावर तिला झालेला आनंद मी विसरणार नाही. शाळेत बाईंनी माझ्या तोंडातलं 'हाय' काढून तिथे 'आहे' बसवायला फार मेहनत घेतली होती. ज्यांच्या नातवाला मी इंग्रजी शिकवते, त्या कुंपणापलीकडच्या काकींना आईने हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का? शाळेने पुसलं ते जपानी बाई परत शिकवते हिला!" ओकासान म्हणजे आई, हे तिला कळलं. प्रश्नाच्या शेवटी ते लोकही आपल्यासारखाच 'का' लावतात, हेही कळलं. बाकी सगळं तिने सोडून दिलं.

मग तिकडच्या भाषाशाळेची व्हिडिओ कॉलवर मुलाखत आली. प्रवेश मिळणार की नाही, ते तिच्यावरच ठरणार होतं. मी पाठ केलेलं सगळं म्हटलं. गावाकडे काय पिकतं असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हा चिकूला जपानी शब्द माहीत नसल्याने चिकूच म्हटलं. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "ओकासान वा सान्सेइ देस् का?"

आईची संमती आहे का?

पाठ केलेल्यात हे नव्हतं. बाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत राहिल्या.

"हाय!" पडवीच्या टोकाकडून आवाज आला. आईने हातातलं सूपसुद्धा खाली ठेवलं नव्हतं.

बाई दचकल्या, मग मनापासून हसल्या आणि आवाज आला त्या दिशेला वाकून त्यांनी नमस्कार केला.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "काय विचारलं ते कळलं तरी होतं का तुला?"

"ओकासान कळलं. शेवटी 'का' होता. तू तोंड शिवून बसलेली. त्या बाईला किती ताटकळत ठेवायचं?"

"तुझी संमती आहे का, असं विचारलं."

तिचा हात जवळ्यातच थांबला. "तिने विचारलं. घरातल्या माणसाने कधी विचारलं?"

"जाऊ का?" मी म्हटलं.

"काय? पुटपुटलीस तर तिकडे उपाशी राहशील."

"आई, मी जाऊ का?"

हे इतक्या मोठ्याने निघालं की कुंपणापलीकडून काकीच ओरडल्या, "जा की गं!"

"तुला कोणी विचारलं?" आई तिकडे बघून म्हणाली. मग जवळा पुन्हा पुढ्यात ओढून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "जातेय ती. तुझ्या नातवाच्या इंग्रजीला आता दुसरं कोणी बघ."