देवराव सरांच्या दोन कुंड्या

सर गेल्याचं मला गुडीहत्नूरच्या बस स्टँडवर कळलं. निर्मलच्या बसचा कंडक्टर ओळखीचा, त्यानंच सांगितलं. मी मान हलवली आणि जिवाणू खतासाठी आणलेली रिकामी खोकी रिक्षात रचत राहिलो. तेव्हा काहीच वाटलं नाही... आता महिना होत आला, आता वाटतं.

जिवाणूंवर धंदा कसा उभा करायचा, हे देवराव सर निर्मलला आमच्यासारख्या शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना शिकवायचे. त्या काळात आमच्याकडं लोक हे ऐकून हसायचे. मी मंचेरियलच्या खाणीतली नोकरी सोडून आलेलो, त्यामुळं घरी रोज बोलणी खायचो. पहिल्या दिवशी वर्गात पुस्तक नाही, दोन कुंड्या. माती भाजून घेतलेली, म्हणजे तिच्यातले मूळचे जिवाणू मेलेले. एकीत नुसती तूर, दुसरीत आपल्या पाकिटातलं खत चोळलेली. महिन्यानं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी निघाली तर जिवाणू कामाला लागले. पांढरी निघाली तर माल विकायचा नाही. माझा पहिला माल एप्रिलभर पत्र्याच्या शेडात पडून होता. नटबोल्टांत वावरलेल्या माणसाला मालाला ऊन बाधतं हे सुचतच नाही. गाठी पांढऱ्या निघाल्या, आणि पेरणी तर तोंडावर आलेली.

"पाकिटं तर चांगली दिसतात, सर," मी म्हणालो.

"मेलेलं काऊन विकून राह्यले तुमी?" सरांचा आवाज चढला नाही. "शेतकरी यंदा घेईल. पुढच्या साली तुमालेच नाई, कोनालेच दारात उभं करनार नाई."

माल उकिरड्यावर गेला, हंगाम बुडाला. सरांचा मला भयंकर राग आला. खाणीत परत जावं असंही मनात आलं. पण सर दर आठवड्याला यायचे आणि माझ्या अंगणात बसून माती भाजायचे... राहिलो. तेव्हापासून दर हंगामाचं पहिलं पाकीट सरांकडं जायचं. त्यांनी गाठ फोडल्याशिवाय माझा माल दुकानात गेला नाही.

यंदाचा माल तसाच अडून होता. परवा त्यांच्या घरी गेलो. काकू ओट्यावरच होत्या.

"तुमच्या पाकिटाची तूर लावून गेले हे," त्या म्हणाल्या. "मी पानी घालून राह्यली. पाहा आता तुमीच."

मी रोप उपटलं, माती झटकली, गाठ फोडली. गुलाबी. काकूंनी चष्मा लावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मंग विका."

निघताना मी आठवण म्हणून एक कुंडी मागितली.

"नाई देनार," त्या म्हणाल्या. "पाकीट इथंच आनत जा."