वीरवेणीचे बारा चौकोन

वीरवेणी उजव्या करंगळीचं नख वाढवत असे, बाकीची कापत असे. सुई वापरात नसली की ती अंबाड्यात खोचलेली असायची. दोरा हातात घेण्याआधी ती तळव्यांना तांदळाचं पीठ चोळून झटकायची, घाम दोऱ्याला लागू नये म्हणून. चुलीवर डाळीचं पप्पू उकळत असताना तिचे ओठ हलायचे. लोकांना वाटे देवाचं नाव घेते आहे. ती विणीतले खांब, म्हणजे उभे टाके, मोजत असायची. बसायची नेहमी दाराकडे पाठ करून, म्हणजे उजेड खांद्यावरून मांडीवर येई आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तोंड दिसत नसे. रस्त्यावर भांडण लागलं तरी ती मान वळवत नसे. फेरी पुरी करी आणि मग विचारी, "काय झालं गं?" तोवर भांडण मिटलेलं असे. काय करता, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "काही नाही, घरीच असते."

मौनिका हे सगळं दहाव्या वर्षापासून बघत होती. समोरच्याच घरातली मुलगी. आता तेलुगू साहित्यात बी.ए. होऊन भीमावरमहून परत आली होती आणि घरचे तिच्यासाठी स्थळं बघत होते. दुपारची जेवणं झाली की ती वीरवेणीकडे येऊन बसे. दोघींच्या वयात बारा वर्षांचं अंतर होतं, पण दोघींना दुसरं कोणी नव्हतं.

नरसापूरच्या आसपासच्या गावांत क्रोशाची लेस विणणं याला कोणी काम म्हणत नाही. आमच्या बायका कामाला जात नाहीत, असं पुरुष छाती काढून सांगतात. ते खरंच आहे. काम बायकांकडे येतं. मंगतायारू नावाची दलालीण सोमवारी दोरा देऊन जाते आणि पुढच्या सोमवारी चौकोन घेऊन जाते. शेतीवाडीच्या घरातली सून कालव्याच्या पुलापलीकडे पायी जात नाही. वीरवेणी सतराव्या वर्षी सून होऊन आली, त्याला सतरा वर्षं झाली होती. मुलगी राजमहेंद्रीला वसतिगृहात होती. नवरा चंद्रराव कोळंबीच्या तळ्यांवर राखण करी. घरात दिवसभर वीरवेणी आणि सासू वरहालम्मा.

गल्लीतल्या वीस घरांचे चौकोन जोडायला वीरवेणीकडे येत. एकाच नमुन्याचे, एकाच दोऱ्याचे. तरी दोन घरांचे कधी सारखे नसत. ती चौकोन नुसता बोटांत धरून सांगे, "हा पापायम्माचा. रागात विणते ती. बघ, कडा कशा आत ओढल्यात. आणि हा सुगुणाचा. हिचं सगळंच ढगळ, पोलकं पण आणि चौकोन पण." मग आखडलेल्याला एक फेरी वाढवून, ढगळाचा कोपरा उसवून ती सगळे एका मापात आणी. जोडलेली चादर परदेशात जाई. कुठे, ते तिला माहीत नव्हतं.

एका सोमवारी मंगतायारू दोऱ्याची पिशवी ठेवून ओसरीवरच टेकली.

"नरसापूरच्या लेस केंद्रात एक जागा निघालीय," ती वरहालम्माला म्हणाली. "नमुने बसवणारी हवी. बारा नमुने, प्रत्येक सहा इंच, केसभर इकडे-तिकडे नाही. पुढे शंभर बायका तिच्या मापाने विणणार. दहा ते चार. व्हॅन दारातून नेते, दारात सोडते."

वरहालम्मा सुपारी कातरत होती. "तुझी व्हॅन भातसुद्धा शिजवते का गं?"

"भात सकाळी करून जाईल की. अहो, तुमच्या सुनेसारखा हात गोदावरीच्या दोन्ही तीरांवर नाही. देवाने दिलाय."

"हात देवाने दिलाय. पाय आम्ही सांभाळतो."

सगळ्या हसल्या. वीरवेणीही हसली. पण त्या दिवशी तिने चिंचेच्या सारात मीठ दोनदा घातलं.

चंद्रराव जेवताना म्हणाला, "देऊ दे एकदा परीक्षा. नाहीतरी कुठे निवडणार आहेत." अशा रीतीने परवानगी मिळाली. केंद्राने दोरा पाठवला, ठरलेल्या नंबरची सुई पाठवली आणि महिन्याची मुदत दिली. बारा नमुने आधी पाठवायचे आणि मग तिथे सगळ्यांसमोर त्यातला कुठलाही एक विणून दाखवायचा. पाठवलेल्याशी तो जुळला की झालं.

बारा नमुने वीरवेणीच्या बोटांत होते. कागदावर नव्हते. ती सहावीपर्यंत शिकलेली, लिहायला वेळ लागे. मौनिकाने वही आणली.

"पहिली फेरी. आठ साखळ्यांचं कडं. त्यात सोळा खांब," वीरवेणी सांगे. मौनिका लिही. चार पाकळ्यांचं फूल पाच फेऱ्यांत पाऊण इंच कमीच पडलं. दाट वीण आखडते. मग बाहेरून एक फेरी खांबांची, वर एक मुक्या खांबांची, बसकी. सहा इंच. अननसाची जाळी मात्र पसरून सव्वासहा झाली. तिच्या कोपऱ्यातल्या तीन साखळ्यांच्या दोन केल्या. तरी पसरली. मग शेवटच्या फेरीतला प्रत्येक दहावा खांब गाळला. सहा.

"अक्का, हे तर गणित आहे."

"गणित कसलं. स्वयंपाक आहे. हात बघून मीठ."

एकेक नमुना खात्रीसाठी ती दोनदा विणत होती. तिथेच घोटाळा झाला. अननस मंगळवारी सहा इंच भरला, गुरुवारी सव्वासहा. फूल शनिवारी सव्वासहा, सोमवारी बरोबर सहा. दोरा तोच, सुई तीच, मोजणी तीच. दोघींनी पट्टी बदलून पाहिली. दोऱ्याची रिळं अदलाबदल केली. हवा दमट होती म्हणून असेल, असंही बोलून झालं.

"मोजणी थोडी घटवू आणि लहान पडतील ते पेजेत भिजवून टाचण्यांनी ताणून वाळवू या," मौनिका म्हणाली. "सुगुणावहिनी तसंच करतात."

"पहिल्या धुण्याला आपल्या मापाला परत जातो तो. ताणल्याने कोणी मोठं होत नाही."

मौनिकाने प्रत्येक मापापुढे वार घातला होता, नुसती सवय म्हणून. एका दुपारी ती वही चाळत होती. मोठे चौकोन सगळे गुरुवारचे आणि शनिवारचे होते. गुरुवारी वरहालम्मा बाबांच्या देवळात जाई, शनिवारी वेंकटेश्वराच्या. जेवून निघे ती दिवेलागणीला प्रसादाचा चिंचभात, पुलिहोरा, घेऊन येई.

मौनिका आत स्वयंपाकघरातल्या वरहालम्माकडे बघून हळूच म्हणाली, "अक्का, अत्तय्या घरात असल्या की तुझा चौकोन पाव इंच लहान होतो."

वीरवेणीची सुई थांबली नाही. "हे वहीत लिहू नकोस."

"तुला माहीत होतं?"

"हात माझाच आहे ना."

"मग आता कुठलं माप धरायचं?"

वीरवेणीने फेरी पुरी केली. "त्या घरात असतानाचं. आठवड्यातले पाच दिवस तेच असतं. तेच पक्कं."

म्हणून गुरुवार-शनिवारचे सगळे चौकोन उसवले. उरलेल्या दिवसांच्या हाताने बारा नमुने बसवले, सगळे नेमके सहा. मंगतायारू ते घेऊन गेली. केंद्रातून निरोप आला, काम उत्तम आहे, परीक्षेला पाठवा.

सोबत वरहालम्मा जाणार होती. तिने पातळही काढून ठेवलं होतं. पण सकाळी तिचा गुडघा नारळाएवढा सुजला. ती पलंगावरून म्हणाली, "मौनिका जाईल. पोरी, तिला इकडे-तिकडे बघत बसू देऊ नकोस."

व्हॅन पुलावर थांबली. समोरून नारळांनी भरलेली गाडी येत होती. वीरवेणीने खिडकीची काच खाली केली. मग वर केली. मग पुन्हा खाली केली आणि तशीच ठेवली.

केंद्राचा व्हरांडा लांबलचक होता, तिन्ही बाजूंनी उघडा. तीस-चाळीस बायका विणत होत्या आणि बोलत होत्या. कोणाच्या नवऱ्याने गोदावरीतला नावाजलेला पुलसा मासा म्हणून भलताच मासा आणला, त्याची गोष्ट चालली होती. "वास घेतला तर म्हणे, हा थोडा दूरच्या नदीतला आहे," एकीने सांगितलं आणि व्हरांडाभर हसू पसरलं. वीरवेणीही हसली. तिचे वरचे दात मौनिकाने पहिल्यांदाच पाहिले.

परीक्षा घेणाऱ्या एस्तेर मॅडम उंच, सावळ्या, चष्म्याला काळी दोरी लावलेल्या. त्यांनी अननस विणायला सांगितला. वीरवेणी बसली. इथे दाराकडे पाठ करायला दार नव्हतं. ती मोजणी तोंडाने म्हणत विणत होती. मौनिका लांबून बघत होती. किती भरभर चाललंय, एवढंच तिला वाटलं.

मॅडमनी पट्टी लावली. मग पाठवलेला चौकोन त्यावर ठेवला. नवा चारी बाजूंनी बाहेर दिसत होता.

"हा नमुना तुमचाच ना?"

"हो."

"विणलाय पण तुम्हीच?"

"हो, मॅडम."

"मग हा सव्वासहा कसा? घाबरलात का? घाबरल्यावर हात आवळतो, सुटत नाही." त्यांनी चष्मा काढला. "पाणी प्या. अजून एक विणा. फूल विणा."

फूल साडेसहाच्या जवळ गेलं.

वीरवेणीने सुई अंबाड्यात खोचली. मौनिकाच्या तोंडाशी आलं होतं, पण ते कसं सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं, हे तीन वर्षांच्या अभ्यासात कुठे आलं नव्हतं.

एस्तेर मॅडम वाईट बाई नव्हत्या. "वीण सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "आज केलेली त्याहून सुंदर आहे. पण नमुने बसवणारीचा हात एकच लागतो, नाहीतर शंभर बायका फसतात. असं करा, बारा नमुने पुन्हा बसवा, आज इथे जो हात चालला त्या हाताने. पंधरा दिवसांनी व्हॅन पाठवते. जागा तोवर ठेवते."

परतताना वीरवेणीने दोन्ही चौकोन मांडीवर एकावर एक ठेवले होते. पुलावर आल्यावर ते तिने पिशवीत टाकले.

ते पंधरा दिवस वरहालम्माचा गुडघा उतरला नाही. गुरुवार आले, शनिवार आले. देवळात जाणं बंद. पलंग ओसरीत आणून टाकला होता, वीरवेणीच्या जागेपासून दोन हातांवर.

"काय गं, नापास झालीस म्हणे?"

"माप चुकलं, अत्तय्या."

"चुकणारच. बाहेरच्या वाऱ्यात पापडसुद्धा वाकडा वाळतो. विण, विण. मी कुठे अडवते?"

आणि ती खरोखर अडवत नव्हती. पलंगावर पडून माळ ओढत होती, मधूनच पाणी मागत होती, मधूनच नुसतीच बघत होती. जुन्या मोजणीने सहाच्या वर भरलं की व्हरांड्यातला हात आला, ही खूण धरून वीरवेणी विणी आणि पट्टी लावी. सहा. उसवी, विणी. सहा. ती गच्चीवर नारळाच्या सावलीत जाऊन बसली. खालून हाक आली, गच्चीवर उन्हात कशाला, लोक काय म्हणतील. गोठ्यामागे बसली, तिथे हाक आली नाही, पण हाक येईल म्हणून हात आवळला. ती मुद्दाम सैल विणू लागली तर टाके लहानमोठे होऊ लागले, नवशिकीसारखे. मोठ्या नंबरची सुई घेतली असती तर माप आलं असतं, पण केंद्राची सुई ठरलेली होती आणि जाळीची भोकं बघून एस्तेर मॅडमनी ते लगेच ओळखलं असतं.

"डोळे मिटून बघ," मौनिका म्हणाली. "व्हरांड्यात बसलीयस असं समज. त्या माशाची गोष्ट आठव."

वीरवेणीने डोळे मिटले. चार खांब घातले. पलंग करकरला. तिने डोळे उघडले आणि चारही खांब उसवले.

पंधराव्या दिवसापर्यंत अकरा नमुने झाले होते, अकराही सहा इंच. बारावा सुरू होता.

व्हॅन साडेनऊला आली. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. चंद्रराव तळ्यावर जायला निघाला होता, तो म्हणाला, "जायचं तर जा." वरहालम्मा पलंगावर उठून बसली. "जा की. व्हॅन आलीय, हवा आहे, सगळं आहे. मला पाणी काय, मौनिका देईल." तिच्या बोलण्यात टोमणा होता की नव्हता, ते मौनिकाला कळलं नाही.

मौनिकाने पिशवी भरली होती. "अक्का, चल. हे चौकोन राहू देत. मॅडमना मी सांगते. खरं ते सांगते. तिथे बसून पुन्हा बसव बाराही. तिथे आठ दिवसांत होतील."

वीरवेणी दारापर्यंत आली. पदर डोक्यावरून घेतला होता. व्हॅनच्या खिडकीतून एका बाईने हात केला, माशाची गोष्ट सांगणारीच होती ती. वीरवेणीने तिला हात जोडले. मग ड्रायव्हरला म्हणाली, "मॅडमना सांगा, माप जुळलं नाही. दुसरी बघा."

व्हॅन पुलाकडे वळेपर्यंत मौनिका नुसती उभी होती.

"अक्का, का?"

वीरवेणी आपल्या जागी बसली. ती म्हणाली, "तिथे तो हात होतो. पण रोज चार वाजता इथेच यायचं ना? मग रोज हा. रोज तो, रोज हा. एवढं उसवणं मला झेपायचं नाही, पोरी."

"झेपेल. सवय होईल."

"कशाची?"

पलंगावरून वरहालम्मा म्हणाली, "अगं, भात उतू जातोय बघ." वीरवेणी उठली. भात उतू जात नव्हता. तिने झाकण कलतं केलं आणि परत आली.

दुसऱ्या सोमवारी मंगतायारूने नेहमीचा दोरा आणला. वीस घरांचे चौकोनही आले, आखडलेले आणि ढगळ. वीरवेणी ते जोडते. माप चुकत नाही. मंगतायारू म्हणते, आता तर पूर्वीपेक्षाही नेमकं येतं.

केंद्राच्या दोऱ्याचा बारावा नमुना वहीतला नव्हता; या खेपेला तिने स्वतःचा, नवाच धरला होता, कोणाकडून न शिकलेला. त्याच्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. चौथीत ती एका कोपऱ्यापर्यंत आली होती. तीन खांब, दोन साखळ्या, आणि पुढच्या खांबासाठी दोरा सुईवर घेतलेला. तो ओढायचा राहिला. चौकोन, त्यात अडकलेली सुई आणि दोऱ्याचं रीळ असं सगळं एका फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यामागे ठेवलं आहे. त्याला अजून नाव नाही. चौथ्या फेरीत पुढे काय येतं, हे मौनिकाने दोनदा विचारलं. वीरवेणी म्हणाली, विणल्याशिवाय सांगता येत नाही.