रिकाम्या ओळीचा मालक

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या वर तरंगत होत्या, खालची इमारत कुणी उचलून नेल्यासारखी. मुंगळा ओट्याशी उभा राहून टपाल वाचत होता. लॅपटॉप डब्यांच्या मध्ये, मांडीवर घ्यायला वेळ नाही. आठवडाभर त्याचं रोज सकाळचं हेच काम, आणि आठवडाभर चेहऱ्यावर हेच हसू.

‘मुंगळा’ हे नाव कॉलेजातल्या मित्रांनी ठेवलेलं. कशाला चिकटला की तुटेल, पण सुटणार नाही. पोटासाठी तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातले संगणक सांभाळतो. आणि फुकटात सांभाळतो स्वतःचाच एक प्रोग्राम, कॉलेजात असताना लिहिलेला. काम एवढंसं: लांबलचक याद्या घ्यायच्या आणि पडद्यावर गट पाडून नीट मांडायच्या. गटाची पहिली ओळ डावीकडे टेकलेली, बाकीच्या जराशा आत. कोड सगळ्यांना उघडा. कुणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्ती सुचवावी. देशोदेशीच्या प्रोग्रामरांनी तो उचलला, आपापल्या प्रोग्रामांच्या पोटात बसवला आणि विसरून गेले.

त्यात एक खोट मात्र राहून गेली होती. गट संपला की एक रिकामी ओळ उगाच पडायची. एका मेळाव्यात व्याख्यात्याने ती मोठ्या पडद्यावर दाखवली, ‘ही पाहा जगातली सर्वांत प्रसिद्ध काहीच-नाही’ म्हणाला, आणि सभागृह हसलं. मुंगळाही हसला. त्या दुपारी त्याला जेवण गेलं नाही. त्या एका ओळीची मुळं कोडात इतकी खोल गेली होती की काढायची तर अर्धं घर उकरावं लागलं असतं. शेवटी त्याने उकरलं. आठवड्यापूर्वी नवी आवृत्ती सोडली, ओळ गेली, आणि शाबासक्या यायला लागल्या.

तो दात घासायला गेला तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलला. ती मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज नेहमी इंजिनाच्या वरचा.

“हॅलो. हो, त्यांचाच नंबर. तोंडात फेस आहे त्यांच्या. मला त्यातलं कळत नाही, पण सांगा तुम्ही, मी ओरडून सांगते... अहो, कोणी बाई आहेत, तुमची ओळ हरवली म्हणतात.”

कॉलेजच्या उत्साहात मुंगळ्याने प्रोग्रामच्या मदतपानावर घरचा फोन नंबर टाकला होता. काढायचा राहून गेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी तो वापरत होतं.

“दादा,” पलीकडची बाई म्हणाली, “ती रिकामी ओळ कुठे गेली हो?”

“काढली. चूक होती ती.”

“कुणाची?”

“माझीच.”

“मग मला आवडत होती तुमची चूक.”

बाई एका इस्पितळाच्या औषधांच्या गोदामात खोके भरायची. तिला दिसत नव्हतं. पडद्यावरची यादी संगणक मोठ्याने वाचायचा, ती हाताने चाचपून, डब्यांवरच्या उठावाच्या खुणा ओळखून भरायची. रिकामी ओळ आली की संगणक म्हणायचा, ‘रिकामी’. म्हणजे या वॉर्डाचा खोका संपला, झाकण लावा.

“आता तो म्हणतच नाही,” ती म्हणाली. “थांबतच नाही मेला. काल एका वॉर्डाच्या गोळ्या दुसऱ्याच्या खोक्यात गेल्या. सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. आजपासून मला फोनवर बसवलंय. उचलायचा आणि ‘थांबा’ म्हणायचं. संध्याकाळपर्यंत यादी नीट झाली नाही, तर माझ्या जागी दुसरी ठेवतील.”

ओळी आत सरकवणं डोळ्यांसाठी होतं. कानांना ते ऐकू येत नाही, हे मुंगळ्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “प्रोग्राम सुरू होतो तिथे एक जादा शब्द लिहिला, की जुनी ओळ येईल अशी सोय करून देतो.”

“कोण लिहिणार? बसवणारा नोकरी सोडून गेला. इथे कुणी हात लावायला धजत नाही. तुमचं नवीन आपसूक आलं ना? तसं जुनं आपसूक येऊ द्या.”

मुंगळ्याने मनात हिशेब मांडला. म्हणजे ज्यांना नीटनेटकं हवं त्यांनी जादा शब्द लिहायचा, आणि काही न लिहिणाऱ्या अख्ख्या जगाला पुन्हा तीच खोट. कायमची, त्याच्या नावावर. “बघतो,” म्हणून त्याने फोन ठेवला.

“बघतो काय?” बायको म्हणाली. “माझ्या जुन्या गाडीचा क्लच किती वर पकडायचा, आठवतंय? सगळी पोरं त्याच्यावरच शिकत होती. मेकॅनिकने न विचारता नीट केला, आणि दुसऱ्या दिवशी एकूण एक पोर कुंपणात.”

“तो क्लच होता.”

“कुंपण माझ्या खर्चाने झालं.”

त्याने घुबडाला फोन लावला. घुबड म्हणजे प्रोग्रामचा दुसरा सांभाळणारा, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला राहणारा. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झालेली नव्हती, भांडणं मात्र भरपूर.

“मुंगळोबा, डोकं फिरलं का?” घुबड म्हणाला. “एका बाईसाठी?”

“एकीने फोन केला. बाकीच्यांना नंबर सापडला नसेल.”

“लोक पुन्हा हसतील. या वेळी तुला मुद्दाम बोलावून हसतील.”

“हसतील. मला ते आवडणार नाही. पण ती बाई चांगलं काम करते रे. माझ्यामुळे तिला ‘थांबा’ म्हणत बसवलंय.”

घुबड म्हणाला, “मदतपानात काय लिहिणार?”

“गट संपला की एक रिकामी ओळ येते. हे मुद्दाम आहे.”

“खोटं आहे ते.”

“आजपासून खरं.”

कार्यालयात उशीर होईल असं कळवून मुंगळा टेबलाशी बसला. ओळ परत घातली आणि चाचण्या चालवल्या. एक चाचणी लाल झाली, म्हणजे नापास. त्याचीच होती, आठवड्यापूर्वी कौतुकाने लिहिलेली: रिकामी ओळ कुठेही असता कामा नये. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग तिचा अर्थ उलटा केला: रिकामी ओळ असलीच पाहिजे, नाहीतर आवृत्ती सुटणार नाही. आता पुढे कुणालाही, त्याला स्वतःलाही, ती सहज काढता येणार नव्हती. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. त्याने आवृत्ती सोडली. पहिली प्रतिक्रिया लगेच आली: दात विचकणारं एक चित्र. त्याने लॅपटॉप मिटला.

दुपार व्हायच्या आत फोन आला. बाई बोललीच नाही, तिने नुसता फोन संगणकाजवळ धरला. सपाट आवाज गोळ्यांची नावं वाचत होता, एकामागून एक, आणि मग म्हणाला, ‘रिकामी’. झाकण बसल्याचा आवाज आला.

“आलं?” मुंगळ्याने विचारलं.

“आलं. साहेब इथेच उभे आहेत, ऐकतायत. ठेवते दादा, पुढचा खोका सुरू झाला.”

बायको कधीच शिकवणीला गेली होती. धुण्याचं यंत्र केव्हाचं शिट्टी मारत होतं. मुंगळ्याने ओले कपडे बादलीत भरले आणि गच्ची गाठली. धुकं विरलं होतं. मोठ्या चादरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते दातात धरलं आणि चादर पिळायला घेतली.