मोरचुदातला खिळा

विज्ञान शिकवणाऱ्या बाईचं पोरगं विज्ञानात कच्चं निघालं तर गावभर बोभाटा होतो. म्हणून माझ्या मुलाचा दहावीचा रासायनिक अभिक्रियांचा धडा मी स्वतःच घेतला, अमरावतीच्या आमच्या घरी, ओट्याशी पोळ्या लाटता लाटता. चिन्हं आणि सूत्रं नंतर, आधी समीकरण शब्दांत लिहायचं, हा माझा वर्गातलाही जुना हट्ट आहे. डावीकडे काय घेतलं, मधे बाण, उजवीकडे काय मिळालं. ज्याला एवढं सरळ लिहिता येत नाही त्याने सूत्रं घोकून काय दिवे लावायचेत?

माझ्या मुलाला ते फार छान यायचं. मी म्हणायचे, "कॅल्शियम कार्बोनेट, बाण, कॅल्शियम ऑक्साईड अधिक कार्बन डायऑक्साईड. कोणती अभिक्रिया?" तो ताटावरून मान वर न करता सांगायचा, "अपघटन. डबे तोडले."

त्याच्या लेखी सगळं रसायनशास्त्र बडनेरा स्टेशनावर घडत होतं. डबे जोडले की संयोग, तोडले की अपघटन. रिझर्वेशनवाल्याने येऊन बसलेल्याला उठवलं की विस्थापन, आणि दोन गाड्यांनी आपसांत इंजिनं बदलली की दुहेरी विस्थापन. मी हे वर्गात बिनदिक्कत वापरलं. पोरं खूश झाली, आणि मी कुणाचं नाव सांगितलं नाही.

त्याचे वडील अकोल्याला नोकरीला. रोज बडनेऱ्याहून गाडीने जाणं-येणं. पोरगा दुडूदुडू चालायचा तेव्हापासून त्यांना घ्यायला स्टेशनावर यायचा आणि वडिलांआधी इंजिनाला हात हलवायचा. मोठेपणी इंजिन चालवणार, असं सगळीच पोरं म्हणतात आणि विसरतात. हा विसरला नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग भरतीची परीक्षा, असं सगळं त्याने स्वतः शोधून काढलं होतं. "ड्रायव्हर नाई, आई, लोको पायलट म्हणत जाय," असं मलाच सुनवायचा. डॉक्टर हो, इंजिनिअर हो, असं सांगून सांगून आम्ही दोघं थकलो. शेवटी त्याचे वडील म्हणाले, "जाऊ दे ना. निदान याले तरी काय व्हायचं थे माहीत आहे."

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला महिना राहिला असेल. त्याच्या शाळेत प्रयोग म्हणजे सरांनी लांबून परीक्षानळी दाखवायची आणि पोरांनी फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. मला याचा भारी राग येतो. मोर्शीकडे माझ्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. झाडाच्या खोडाला चुन्यात कालवून लावायला त्यांच्याकडे मोरचूद, म्हणजे पुस्तकातलं कॉपर सल्फेट, नेहमी असतं. त्यातलं चमचाभर मी पुडीत बांधून आणलं होतं. दोन काचेच्या पेल्यांत द्रावण केलं, एकात घासून लखलखीत केलेला खिळा सोडला आणि रात्रभर ओट्यावर ठेवून दिलं.

सकाळी प्रयोग असा उतरला होता की मलाच हात लावून बघावंसं वाटलं. एक पेला निळाच. दुसऱ्यातला निळा गेलेला, फिकट हिरवट पाणी, आणि खिळ्यावर तांब्याचा लालसर थर. मी त्याला झोपेतून उठवून आणलं.

"समीकरण?"

"लोखंड अधिक कॉपर सल्फेट, बाण, आयर्न सल्फेट अधिक तांबं. विस्थापन."

"निरीक्षण?"

तो वाकला. या पेल्यातून त्या पेल्यात बघत राहिला. मग म्हणाला, "हे जरा पातळ झालं. खिळा मळला."

"रंग सांग, रंग!"

"सारखाच तं आहे."

"बह्याडा, डोळे आहेत का बटणं? नीट पाय."

त्याने पुन्हा नीट पाहिलं. मुलं चेष्टा करत असली की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात कळतं, तीस-पस्तीस पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला ते लांबून कळतं. त्याच्या ओठांत काही नव्हतं. तो अगदी मनापासून बघत होता.

मी शाळेची पिशवी उघडली आणि रंगीत खडूंची पेटी त्याच्यासमोर उपडी केली. म्हटलं, एकसारख्या रंगाचे वेगळे कर. त्याने निळे भराभर बाजूला काढले, पिवळेही. मग हिरवे आणि तपकिरी हातात घेऊन तो थबकला, आणि गडद गडद इकडे, फिकट फिकट तिकडे असे दोन ढीग केले. केल्यावर माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरोबर ना?"

मी खडू पेटीत भरले. बागेत हा कायम हिरवीकच्च संत्री तोडून आणायचा आणि मामा म्हणायचे, मास्तरणीचं पोरगं अन् याले पिकलेलं समजत नाई. आम्ही सगळे हसायचो. पण त्या सकाळी मी हसले नाही आणि खरंही बोलले नाही. म्हटलं, "काही होत नाही. प्रॅक्टिकलला पुस्तकात आहे तसं लिहायचं. निळ्याचा हिरवा झाला, खिळ्यावर लालसर थर आला. पाठच आहे ना तुझं?"

"हो," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टर अकोल्याला होत्या. सुट्टी काढून मी त्याला घेऊन गेले. त्यांनी एक पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचा गोल आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. पहिलं पान त्याने वाचलं, बारा. पुढच्या पानावर त्याने मान तिरकी केली. त्याच्या पुढच्या पानावर म्हणाला, "इथं काही आहे का?" मला बाजूच्या खुर्चीतून आकडे लख्ख दिसत होते. परीक्षेत कुजबुजणाऱ्या कितीक पोरांना मी वर्गाबाहेर काढलं असेल, पण त्या खोलीत माझ्याच ओठांवर आकडे येत होते. मी पदर तोंडाशी धरून बसले.

"नजर एकदम पक्की आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त लाल-हिरव्याचा घोळ आहे, जन्मापासूनचा. आईकडून येते हे. आईले स्वतःले काई नसते, पोराले देऊन टाकते."

मी विचारलं, औषध? चष्मा? गाजरं? मी, विज्ञानाची बाई, आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी शिकवणारी, गाजरं विचारत होते. त्या नाही म्हणाल्या. "काई अडत नाई याच्यानं. डॉक्टर होऊ द्या, वकील होऊ द्या. काय व्हायचं आहे रे तुले?"

त्याने सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली.

अकोला स्टेशनापर्यंत तो मोबाईलमध्ये डोकं घालून चालला. बाकावर बसल्यावर म्हणाला, "आई, भरतीतही हेच पुस्तक दाखवते. मी मोबाईलवर पायलं. पानं ठरलेली असते."

"मग?"

"कोणत्या पानावर कोणता आकडा, एवढं तू सांग. ठिपक्यायच्या ठेवणीवरून मी पान ओळखतो. पाठ माहं मी करतो."

त्याला ते जमलं असतं. खोटं कशाला बोलू, गाडी मूर्तिजापूरला पोचायच्या आत त्याचं सगळं पाठ झालं असतं. आणि माझ्याइतकं चांगलं ते त्याला कुणी शिकवलं नसतं.

"नाही," मी म्हटलं.

"काहून? प्रॅक्टिकलले तूच म्हणाली ना, न दिसलं तरी निळ्याचा हिरवा लिही म्हणून?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तिथे एका खिळ्याचा प्रश्न आहे. इंजिनामागे माणसं बसलेली असतात. तुझे पप्पा रोज बसतात."

तो भांडला असता, चार लोकांत ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. समोरून आमची गाडी आली. दरवेळी प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन इंजिन बघणारा माझा मुलगा गर्दीबरोबर मुकाट डब्यात चढला आणि मला खिडकीची जागा धरून दिली. मी बडनेऱ्यापर्यंत बाहेर बघत बसले. माझे दोन्ही डोळे काढून त्याला द्यावेत असं वाटत होतं, आणि ते कुणी घेणार नव्हतं.

संध्याकाळी मी वडिलांना फोन लावला. विचारलं, "बाबा, हिरवं अन् पिकलेलं संत्रं तुम्हाले वेगळं दिसते का?"

"दिसाचं काय त्याच्यात? बोटानं दाबून पाहा लागते."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून नातवाकडे ते कसं आलं तेही.

"मंग आता पोराले इंजिनावर घेणार नाईत?"

"नाही."

"माहं काय अडलं वं," ते म्हणाले. "मी तं जनमभर बागेतच रायलो. त्याचंच काहून?"

कसं ते मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी विचारलेलं ते नव्हतं, हे मलाही कळत होतं. फोन ठेवताना मी पोराला देऊ का म्हणून विचारलं तर नको म्हणाले.

त्यानंतर घरात रेल्वेचं नाव निघेना. अभ्यास तो करत होता, विचारलेलं सांगत होता. मी समीकरण टाकलं की प्रकार अचूक सांगायचा, संयोग, अपघटन, विस्थापन, नुसते शब्द. मीही पोळ्या लाटत राहायचे. त्याच्या वडिलांनी एकदोनदा पॉलिटेक्निकचा विषय काढून पाहिला, तो उठून गेला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तो दुपारी घरी आला, बूट भिरकावले आणि वाढ म्हणाला. मी न राहवून विचारलं, कोणता प्रयोग आला?

"खिळ्याचाच."

माझा जीव भांड्यात पडला. "मग? लिहिलं ना सगळं?"

"समीकरण लिहिलं. विस्थापन लिहिलं."

"निरीक्षण?"

"द्रावण फिकट झालं. रंग मले सांगता येत नाई."

"असं लिहिलंस?" माझा आवाज चढला. "अरे, पाठ होतं ना तुझं? पुस्तकातली एक ओळ! त्याचे मार्क हकनाक घालवलेस."

त्याने ताट पुढे ओढलं. मोठ्याने बोलला नाही, माझ्याकडे पाहूनही बोलला नाही.

"इंजिनासाठी नाई म्हणाली ना तू? मंग खिळ्यासाठी काहून?"

मी वरणाचं पातेलं हातात धरून उभी होते. मी त्याला भात वाढला.