अर्ध्या चेहऱ्याचा बायोडाटा

नागपूरला दोन वर्षं एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली राबून मी साकोलीला परत आलो, तेव्हा माझ्याजवळ एक जुना कॅमेरा, दोन लेन्स आणि गरजेपेक्षा जास्त शहाणपण होतं. हायवेलगत एक गाळा घेतला. पाटी स्वतः डिझाइन केली: पांढऱ्याशुभ्र फळीवर मधोमध एक काळा ठिपका आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘छायाचित्रे’. पहिल्याच महिन्यात चारपाच जणांनी आत डोकावून विचारलं, पाटी रंगवायची राहिली का. एकाने तर आपल्या ओळखीचा पेंटर पाठवून दिला. मोकळी जागा हीच खरी डिझाइन असते, हे मी नागपुरात शिकलो होतो. साकोलीत त्या मोकळ्या जागेला लोक तंबाखूचा खर्रा घोटून झाल्यावर चुन्याची बोटं पुसत.

मी त्या सगळ्यांना अडाणी ठरवून टाकलं होतं. माझा राग तेव्हा असा फार लवकर तयार व्हायचा.

गाव मात्र शहर व्हायच्या नादाला लागलं होतं, हे खरं. नव्या कॅफेच्या भिंतीवर कोणीतरी मोठाले पंख रंगवले होते, आणि त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायला कॉलेजच्या पोरापोरींची रांग लागायची. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स एकावर एक. शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे इतके, की ज्याचा वाढदिवस तो शोधावा लागे. मी कॅमेरा गळ्यात अडकवून हे सगळं टिपत फिरायचो. फ्लेक्सच्या सावलीत रवंथ करणारी गाय, सलूनच्या आरशात उलटी दिसणारी एसटी. फोनवर माझे फोटो पाहणारे दोनतीनशे लोक होते. त्यातले निम्मे नात्यातले, आणि ते न पाहताच अंगठा दाबायचे.

आमचं घर साकोलीपासून जवळच्याच खेड्यात. घरी आईबाबा, मी आणि धाकटी बहीण. त्या वर्षी दिवाळीनंतर बहिणीचा बायोडाटा काढायचं ठरलं.

आमच्याकडे मुलीच्या बायोडाट्याचा फोटो ही ठरलेली गोष्ट आहे. बसस्टँडसमोरच्या जुन्या स्टुडिओत एक पडदा आहे, त्यावर धबधबा. मुलगी त्याच्यापुढे साडीत उभी, हात पुढे बांधलेले, नजर समोर. आणि पाय चपलेसकट दिसलेच पाहिजेत, कारण फोटोत पाय कापले गेले तर तिकडचे विचारतात, पायाला काय झालं. अर्ध्या तालुक्यातल्या मुली त्या एका धबधब्यावरून सासरी गेल्या असतील. आई बहिणीलाही तिथेच नेणार होती. मी आडवा आलो. घरात फोटोग्राफर असताना माझी बहीण कापडी धबधब्यापुढे उभी राहणार नाही, असं मी जेवता जेवता जाहीर करून टाकलं.

त्याच दिवशी बहीण गाळ्यावर आली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, “दादा, एक सांगू? आईले नको सांगू. मामानं आंधळगावचं स्थळ आणलं ना, ते पोरगं मी पाहिलं आहे.”

“कुठं?”

“नाकाडोंगरीच्या लग्नात. पंगत वाढून राहिला होता. सगळ्याइले वाढता वाढता भाजी सरली, आन तो सगळ्यात शेवटी नुसत्या भातावर लोणचं घेऊन बसला. हासत होता. त्यानं मले नाही पाहिलं.” मग खाली पाहत म्हणाली, “मले हेच पोरगं पाहिजे. तं फोटो चांगला काढ.”

मुलगा आंधळगावला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. लोणच्याभातावर लग्न ठरवणारी माझी बहीण मला तेव्हा फार ग्रेट वाटली, आणि तिच्यासाठी आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो काढायचा, असं मी मनाशी पक्कं केलं. तिथेच घात झाला.

मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ बसवलं. मागे धुराने काळी झालेली भिंत. तिच्या डावीकडून सकाळचं ऊन. तिला बाहेर बघायला सांगितलं. चेहऱ्याची डावी बाजू उजळलेली, उजवी पूर्ण अंधारात विरघळलेली. पाय नाहीत, साडी जेमतेम खांद्यापुरती. मी दिवसभर तो फोटो पाहत बसलो होतो. आईने पाहिला आणि विचारलं, “लाईन गेली होती का?” बाबांनी फोनचा उजेड वाढवून पाहिला, मग आणखी वाढवला. बहीण म्हणाली, “मी चांगली दिसते का यात?” मी म्हणालो, “फोटो चांगला आहे.” आता आठवतं, की तिने हे विचारलंच नव्हतं.

फोटो मामाकडे गेला, मामाकडून आंधळगावला. मग आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी मामाचा फोन आला.

“ते विचारून राहिले, पोरीची दुसरी बाजू पाठवा म्हणते.”

मी रागावलोच. “मामा, दुसरी बाजू पाहणाऱ्यानं आपल्या मनानं भरायची असते.”

“ते भरूनच राहिले ना बापू,” मामा म्हणाला. “कोणी म्हणते कोड आहे, कोणी म्हणते डोळा गेला, कोणी म्हणते लहानपणी चुलीत पडली. तू आणखी किती भरू देतं?”

बहीण तिथेच भाजी निवडत बसली होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. “दादा, तुझ्या त्या अंधारात माझं लग्न गेलं,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी लगेच समोरून काढलेला एक साधा फोटो मामाला पाठवला. मामाने कळवलं, की ते आता म्हणतात हा दुरुस्त केलेला आहे, पोरीचा भाऊच फोटोवाला आहे म्हणे.

दोन दिवसांनी भरदुपारी एक धिप्पाड बाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. आंधळगावहून आले म्हणाली. “ऐकलं, तुमच्याकडं म्हैस विकाची आहे.”

आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती. आई काय ते एका क्षणात समजली, कारण मुलगी पाहायला पाठवलेली बाई आमच्याकडे अशीच येते, काहीतरी विकत घ्यायला. बाबा मात्र धानाच्या चुरणीवरून, म्हणजे मळणीवरून, आत्ताच आलेले, डोक्यात भुसा. ते मनापासून विचारात पडले. “म्हैस? कोणं सांगितलं बाई तुम्हाले? आमच्याकडं तं दोन बैल आन एक शेळी. पल्याडच्या आळीत विचारतो, थांबा.” आईने त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं आणि बाईंना खुर्ची दिली. बोलण्यात आलं, की त्या मुलाच्या आत्या.

मी स्वयंपाकघरात धावलो. बहीण चहा गाळत होती, साखर घातली की नाही ते तिला आठवत नव्हतं. आणि मी, ज्याने आधीच एवढा घोळ घातला होता, तिच्या कानात म्हणालो, “डावी बाजू पुढं ठेव. ती चांगली येते.”

घाबरलेली माणसं सांगितलेलं ऐकतात. ती चहा घेऊन बाहेर आली ती डाव्या अंगाने. आत्याबाईंनी कप घेतला आणि मान वाकवून पलीकडे बघायचा प्रयत्न केला. बहीण वळली. आत्याबाई खुर्ची सोडून खाटेवर आल्या, म्हणाल्या इथं हवा बरी आहे. बहीण पुन्हा वळली. त्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या, बहीण तिथून फिरली. बाबांना वाटलं पाहुण्यांना फार गरम होतंय, म्हणून ते टेबलफॅन उचलून त्यांच्या मागोमाग सगळ्या घरभर फिरत होते, वायर जाईल तिथपर्यंत. शेवटी वायर संपली आणि पंखा बंद पडला.

“बाई,” आत्याबाई आईला म्हणाल्या, “तुमची पोरगी मले अर्धीच काहून दाखवून राहिल्या?”

मी पुढे झालो आणि फोन काढला. “काकू, तो अंधार मी केला होता फोटोत. हा बघा दुसरा.”

त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. “फोटो नको दाखवू बापू. फोटोनंच तं आणलं मले इथवर.”

तेवढ्यात बहीण सरळ चालत अंगणात गेली. नोव्हेंबरचं का असेना, बाराचं ऊन डोक्यावर होतं. फोटोसाठी याहून वाईट प्रकाश नाही. तिने तिथे पाट टाकला, त्यावर बसली आणि पदर मागे सारला. “या मावशी. दोन्हीकून पाहून घ्या.”

आता इथे मला एक सांगायला हवं, जे मी इतका वेळ टाळलं. तिच्या उजव्या भुवईशेजारी एक वण आहे. नखाएवढा. रोज पाहणाऱ्याला दिसतही नाही. मला मात्र दिसतो. मी त्या बाजूने तिचा एकही चांगला फोटो काढलेला नाही, आणि नागपूरला जे शिकलो ते सगळं मी याच कामाला लावलं, हे मला त्या उन्हात कळलं. मला अंधार आवडत नव्हता. मला तो हवा होता.

आत्याबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड फिरवलं. वणावर अंगठा ठेवला. “हे कायचं?”

“पडली होती मी. लहानपणी. विहिरीच्या पायरीवर.”

हेच घरात सर्वांना माहीत होतं. ती तेव्हा आठ वर्षांची होती, मी अकराचा. रडत रडत आईला हेच सांगितलं होतं तिने, आणि पुढे कधी बदललं नाही.

“पडली नव्हती,” मी म्हणालो. “मी गोटा मारला होता. चिंचेसाठी भांडत होतो आम्ही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा बंद पंखा हातात धरून तसेच उभे. मला खूप लाज वाटली, आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

बहीण मात्र भडकली. “आता कायले सांगून राहिला तू? माझं लग्न ठरून राहिलं ना इथं.”

आत्याबाईंनी वणावरचा अंगठा काढला. मग त्यांचं अंग हलायला लागलं, आणि त्या पाटाशेजारी खाली बसून पोट धरून हसल्या. “एवढंच? आन आम्ही काय काय बोललो पोरी तुले. आमच्या पोराच्या कपाळावर पाच टाके आहेत, मोटार सुटून लागली होती. फोटोवाल्यानं पुसले ते.”

“माहीत आहे मले,” बहीण म्हणाली. “पंगतीत पाहिले.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी विचारलं, “कोणती पंगत?”

आत्याबाईंनी माझ्याकडे हात केला. “काढ आता इचा फोटो. इथंच, असाच. नाही तं मी जाऊन सांगीन आन तिथं कोणी खरं मानणार नाही.”

मी फोन वर धरला. पाय, पाट, अंगणातला भुसा, सगळं आलं त्यात. बहीण माझ्याकडे सरळ पाहत होती, उन्हाने कपाळाला आठ्या, डोळ्यांत पाणी. काही बोलायला म्हणून मी पुटपुटलो, “तू इतके दिवस आईले सांगितलं काहून नाही?”

“तुले मार बसला असता,” ती म्हणाली. “आता काढ लवकर, ऊन लागून राहिलं.”

त्या फोटोत ती माझ्यावर चिडलेली आहे. तोच आंधळगावला गेला.