कापडात गुंडाळलेला फोन

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. तो स्कार्फ काही कामाचा नाही, हे मालन मावशींच्या हातात तो देण्याच्या आदल्या दिवशीच मला पक्कं माहीत होतं. बायकोला हे सांगितलेलं नाही, ऑफिसात नाही, आणि मावशींना तर नाहीच.

मी मोबाईल टॉवरच्या कंपनीत इंजिनिअर आहे. कोल्हापूर आणि आसपासच्या साईट माझ्याकडे असतात. साईट म्हणजे जिथं अँटेना उभे आहेत ती जागा. मंगळवार पेठेतल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आमचे खांब आधीपासूनच होते. त्यांवर नवे अँटेना चढवायचे होते. सामान खाली टेम्पोत, माणसं जिन्यात, आणि गच्चीच्या दाराला मावशींचं कुलूप.

मावशी वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, गच्चीची किल्ली त्यांच्याच कमरेला. दारातच शिलाई मशीन. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज त्यांच्याकडे. मुलगी सुनीता इचलकरंजीला दिलेली.

"काय पावणं, आज परत?" मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या.

"मावशी, किल्ली द्या की."

"देत न्हाय. हाय त्याच टावरानं डोकं फुटायची पाळी आलीया, आन् तू वर आणखी घेऊन आलायस."

मी मीटर काढला. हवेत किती सिग्नल आहे ते मोजायचं यंत्र. अँटेनाचा झोत गाडीच्या हेडलाईटसारखा पुढं जातो, गाडीवाल्याच्या पायावर पडत नाही. म्हणून टॉवरच्या थेट खालच्या खोलीत सिग्नल उलट कमी असतो. मावशींच्या खोलीतला आकडा सरकारी मर्यादेच्या कुठल्या कुठं खाली होता. त्यांचा स्वतःचा मोबाईल मशीनवर ठेवलेला, त्याच्याजवळ मीटर नेला तर तिथं जास्त दाखवला. हे सगळं मी खरं खरं सांगितलं. हा एवढा भाग स्वच्छ आहे.

"यंत्र तुझं, आकडा तुझा," मावशी म्हणाल्या. "डोकं माझं हाय. आन् सांजच्याला ह्या बल्बाभोवती रंगीत कडं दिसतंय मला, इंद्रधनुष्यागत. ह्याच की तुमच्या लहरी."

"बल्ब बदला, मावशी," मी म्हणालो.

जिन्यातली माणसं हसली. मावशीही हसल्या. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

पुण्याहून साहेबांचा रोज फोन.

"पाटील, साईट चालू कधी होणार?"

"सर, गच्चीला कुलूप आहे."

"तोडा मग."

"सर, मंगळवार पेठ आहे. कुलूप तुटेल, पण मग आमच्यातलं कोण खाली धड उतरेल सांगता येत नाही."

"मला कारणं नकोत. तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं लिहून द्या, दुसरा माणूस पाठवतो."

त्या वर्षी आमच्याकडे माणसं कमी करणं चाललं होतं. दुसरा माणूस पाठवतो याचा अर्थ मला नीट कळत होता.

वाट मावशींनीच दाखवली. सुनीतानं त्यांना मोबाईलवर एक जाहिरात पाठवली होती. धातूच्या तारा विणलेला स्कार्फ, मोबाईलच्या लहरी अडवतो म्हणे. तसलीच बनियन, तसलीच टोपी, गरोदर बायकांसाठी तसलाच एप्रन.

"हे खरं का खोटं, तू सांग," मावशी म्हणाल्या. "आणून दे, बघ, आन् लागू पडतंय म्हण. तू व्हय म्हणलास तर किल्ली तुझी."

साहेबांना सांगितलं. ते खूश झाले. "दे ना मग. बाईचं डोकं दुखायचं थांबलं तर आपलं काय गेलं?"

स्कार्फ आला. घरी दार लावून मी तो डोक्याला बांधला, फोन आतून कानाला धरला आणि मित्राला लावला. पूर्ण रेंज. आवाज खणखणीत. कारण साधं आहे. असलं कापड एखादी वस्तू चारी बाजूंनी बंद झाली तरच सिग्नल अडवतं. डोकं खालून उघडं असतं, तोंड उघडं असतं. सिग्नल भिंतींवर आपटून सगळीकडून येतो, तो तिथून आत शिरतो. आणि मुळात मावशींच्या खोलीत अडवण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या मशीनवर मी स्कार्फ पसरला. मध्ये माझा फोन ठेवला. घडीवर घडी घालून पुरचुंडी बांधली, कुठं फट राहू दिली नाही.

"लावा मला फोन."

त्यांनी लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आयला," मावशी म्हणाल्या. "मेला की ह्यो."

"मग? लागू पडतोय," मी म्हणालो.

कमरेची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि चहाला आधण ठेवलं.

अँटेना चढले, साईट चालू झाली. ग्रुपवर साहेबांनी अंगठा पाठवला. पुढं काही दिवसांनी मावशींचा फोन आला, डोकं दुखायचं राहिलंय, कडं दिसत नाही. मला हलकं वाटलं. त्याचंही आज नवल वाटतं. खोटं लागू पडलं म्हणून मला हलकं वाटलं.

मग परत फोन. "परत दुखाय लागलंय रं. मळमळतंय. सुनी म्हणतीया डोळ्याच्या डॉक्टरास्नी दाखवू."

इथं मी जे बोललो ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलोय. मला वाटलं, आता डॉक्टर, मग तक्रार, मग वॉर्ड ऑफिस, मग पुन्हा कुलूप. मी म्हणालो, "डॉक्टरांची घाई कशाला, मावशी? स्कार्फ नीट बांधत नसाल. मशीनवर बसतानाही बांधा. आठवडाभर बघा तरी."

"बरं," त्या म्हणाल्या.

आठवडा भरला नाही. त्यांचा उजवा डोळा लाल झाला, दुखणं सहन होईना, उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी पित्त समजून सोडा पाजला. सुनीता येऊन दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि आतला दाब चढतो. काहींच्यात ही वाट अधूनमधून बंद होते आणि आपोआप उघडते. तेव्हाच डोकं दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, आणि थांबतं. म्हणजे स्कार्फ बांधला तेव्हा ते आपलं आपणच थांबलं होतं. उजव्या डोळ्याची नजर गेली. डाव्यालाही तोच धोका होता. डॉक्टरांनी लेसरनं त्यात बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली.

हे मला कळलं ते गच्चीवरच्या बॅटरीचं काम निघालं तेव्हा. दार उघडंच होतं. मशीनवर चादर टाकलेली. मावशी खाटेवर, डोक्याला तोच स्कार्फ.

"ये. चहा टाकते. साखर सांडली तर बोलू नगंस, अंदाज चुकतोय."

मला बसवेना.

"ह्या स्कार्फानं एक डोळा तरी वाचला बघ," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यास्नी सांगतीया, टावरच्या साह्यबानं सोता करून दाखवलंय. आमच्या मुरगूडच्या कमळीला बी तसलाच मागवला. धाकटी भन माझी. तिचं बी डोकं दुखतंय सांजचं."

"आणि कडं?" मी विचारलं. "दिव्याभोवती कडं दिसतं का त्यांना?"

"दिसतंय की."

"मावशी, त्यांना आजच्या आज डोळे दाखवायला सांगा."

"आता स्कार्फ हाय की."

मी त्यांच्या डोक्यावरचा स्कार्फ मागून घेतला. त्या बांधायच्या तसाच माझ्या डोक्याला बांधला, फोन आत कानाशी धरला. "लावा मला फोन."

लावला. माझ्या कानाशी तो वाजला. वाजतच राहिला. मावशी एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होत्या.

"तवा कसा बंद पडलता?"

"तेव्हा पुरचुंडी बांधली होती. डोक्याची तशी बांधता येत नाही."

"मग डोळा कशानं वाचला?"

"लेसरनं."

मग त्यांनीच बहिणीला फोन लावला. "कमळे, ते फडकं काढून ठेव आन् सकाळच्या एसटीनं ये. का म्हणून इचारू नगंस."

कमळाबाईंच्या दोन्ही डोळ्यांना वेळेत लेसर झालं. नजर शाबूत आहे. त्यांना दवाखान्यात सोडायला मी गाडी नेली होती. परत येताना मावशी पुढच्या सीटवर होत्या.

"तू वाईट वाटून घेऊ नगंस," त्या म्हणाल्या. "तुला तरी काय म्हाईत, लेकरा. त्या इकणाऱ्यांनी तुला बी फसवलं."

मी समोर रस्त्याकडे बघत म्हणालो, "हो."

आज मशीन पुन्हा चालू आहे. सुई ओवायची झाली की मावशी शेजारणीला हाक मारतात. आमची साईट उत्तम चाललीय, एकही तक्रार नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढून वाचकांना सांगण्यासारखं एवढंच आहे: असलं कापड विकणारा कुणी फोन गुंडाळून दाखवत असेल, तर त्याला म्हणावं, आता डोक्याला बांध आणि मग फोन लावून दाखव. आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं तर बल्ब बदलू नये, डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावं.

मालन मावशींचं मी दोन वाक्यांचं देणं लागतो. मला आधीच माहीत होतं, हे एक. डॉक्टरांकडे जाऊ नका असं मी माझी नोकरी वाचवायला म्हणालो, हे दुसरं. दोन्ही अजून दिलेली नाहीत.