वारा सुटणार नाही, असं मी म्हणालो

हवामानाचा निरोप आमच्या गावात मोबाइलवर येतो आणि फाट्यावरचा चहाचा हॉटेलवाला तो सगळ्यांना वाचून दाखवतो. माझी शाळा चौथीतच सुटली, पण मला वाचता येतं. चष्मा घरी असतो एवढंच. यंदा उन्हाळ्यात एका सकाळी त्यानं वाचलं की उद्यापासून काही दिवस हवा उष्ण आणि कोरडी राहील, दुपारनंतर जोराचा वारा सुटेल, वाळल्या गवताला आग लागायचा धोका आहे, कुणी धुरे पेटवू नयेत आणि कडब्याच्या गंज्या सांभाळाव्यात.

मी बशीतला चहा संपवला. उठलो, चिमूटभर माती उचलली आणि हात वर करून सोडली. माती सरळ माझ्या चपलेवर पडली.

"वारा सुटत न्हाई," मी म्हणालो.

"आबा, तुमी भिंतीच्या आडोशाला उभं राहिलाव," हॉटेलवाला म्हणाला.

"आडोसा असू दे. जन्म या माळावर गेला माझा. वारा यायचा असला तर मला आदल्या दिवशी कळतं. मोबाइलातला वारा मोबाइलातच फिरू दे."

हे बोलताना त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला होता. मला वाटलं, निरोप दाखवून राहिलाय. तो माझा व्हिडिओ काढत होता. मी घरी पोचायच्या आत तो गावच्या ग्रुपवर गेला, आणि तिथून नांदेडला माझ्या मुलाकडं.

माझं कुणी ऐकलं नाही, ते एक वेळ चालेल. पण निरोपाचंही कुणी ऐकलं नाही. उद्यापासून धुरे पेटवायचे नाहीत, म्हणजे आजच पेटवून घेतले पाहिजेत, असा अख्ख्या गावानं अर्थ काढला. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्याच्यावरचं गवत आणि काटेकुटे पेरणीआधी जाळायचे असतात. एरवी महिनाभर रेंगाळणारं काम, त्या दिवशी दुपारपर्यंत चारी बाजूंनी धूर. जे लोक कुठलीही गोष्ट सांगितल्या दिवशी करत नाहीत, ते काड्यापेट्या घेऊन पळत होते. मी एकट्यानं धुरा पेटवला नाही. वारा येणारच नाही, तर घाई कशाची?

आता खरी गोष्ट सांगतो. माझ्याकडं देवणी जातीचा एक बैल आहे. जोडी होती, जोडीदार मेला. नांगरट ट्रॅक्टर करतो, पेरणी ट्रॅक्टर करतो, बैल उभा राहतो. पण उभं राहावं तर त्यानंच. पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि माणसाकडं असं बघतो की माणसानं बाजूला व्हावं. मुलाचं म्हणणं, एका बैलाचं करायचं काय? बाजार दाखवा. दोन वर्षं वाद चालला आणि शेवटी मुलगा म्हणाला, "ठीक हाय. घरचा कडबा हाय तवर बैल ठेवा. विकत चारा आणायची भाषा निघाली की त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी पाठवतो." मी हो म्हणालो. ज्वारीचा कडबा चांगला निघाला होता. गावाच्या कडेला, गल्लीपलीकडं माझं खळं आहे, तिथं मी स्वतः गंजी रचली. म्हणजे ती गंजी आहे तोवर बैल.

आणि त्या दुपारी खळ्यालगतच्या शेतात माझा शेजारी धुरा पेटवत होता. माझ्याच वयाचा, लहानपणापासूनचा, तरी मला आबा म्हणतो. म्हणतो चिडवायला. त्याच्या धुऱ्यावर बाभळीचं जुनं खोड आहे. गवत जळून गेलं, पण खोड आत धुमसत राहिलं.

"विझव ते," मी म्हणालो.

"कशापायी? वारा सुटत न्हाई ना?"

मी गंजीकडं बघत उभा राहिलो, तर मानेमागं काहीतरी हललं. फार नाही, कुणी फुंकर घालावी इतकंच. मला आदल्या दिवशी कळतं, हे काही मी खोटं बोललो नव्हतो.

पण आता सांगायचं कुणाला? व्हिडिओ गेला होता. गंजी हलवायला पाहिजे होती, आणि ती हलवताना मी कुणाला दिसायला नको होतो. ऊन कडक झालं, लोक जेवून लवंडले, तेव्हा मी पेंढ्या खांद्यावर घेऊन घरी न्यायला लागलो. शेजारी मात्र आपल्या लिंबाखाली बाजेवर जागाच.

"आबा, कडबा कुठं?"

"बैलाला."

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "परत?"

"भूक लागलीय त्याला."

"लई लागलीय," तो म्हणाला, आणि पुढं प्रत्येक खेपेला उठून बसायला लागला. शेवटी शेवटी तर त्यानं बाजच फिरवून गल्लीकडं तोंड करून घेतली.

बायको, म्हणजे आमची म्हातारी, दारात उभी होती. "वारा न्हाई म्हणालाव ना?"

"न्हाईच. खळ्यात उंदीर झालेत."

"उंदीर कडब्यासंगंच आले की मग घरात."

मी पेंढ्या लावत गेलो. पुढची खोली भरली, मग मधली, मग पलंगावर, मग पलंगाखाली. फ्रीजचं दार एक वीत उघडत होतं, तेवढ्यातून ताक निघत होतं. देवांच्या पुढं पेंढी लावावी की न लावावी यावर थोडा वेळ गेला, मग लावली. स्वयंपाकघराच्या दारात शेवटची थप्पी लागली आणि मी म्हातारीला सांगितलं की आता चूल नाही, गॅस नाही, उदबत्तीसुद्धा नाही.

"खायाचं काय मग?"

"शेजारी जाऊन टाक भाकरी. विचारलं तर सांग गॅस संपला."

"टाकी परवा त्यांनीच उतरवून दिली आपल्याला."

"तर सांग बिघडलाय."

ती पिठाचा डबा घेऊन गेली. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. भाकरी मात्र आल्या, वर शेजाऱ्यानं वांग्याची भाजी पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पान हललं नाही. मी हॉटेलात जाऊन मुद्दाम दोन कप चहा घेतला. परत येऊन ओट्यावर बसतो, तर फाट्याकडून धुळीची भिंतच आली. पत्रे वाजायला लागले, कुणाची तरी ताडपत्री गावावरून उडत गेली, आणि बाभळीच्या खोडातून ज्वाळा निघाली. तिथून गवताला, गवतातून सरळ माझ्या खळ्याच्या दिशेनं.

गाव धावलं. आमच्याकडं आग विझवायला फवारणीचे पंप असतात. पाठीवर पंप बांधलेली माणसं लिंबाचे डहाळे आणि ओली पोती घेतलेल्या माणसांसोबत पळत होती आणि ओरडत होती, "आबाची गंजी वाचवा." कालपर्यंत माझ्यावर हसणारे लोक माझ्या गंजीसाठी केस भाजून घ्यायला तयार होते. हॉटेलवाला तर दुधाचं पातेलं पाण्यानं भरून घेऊन आला होता.

आग खळ्याच्या कडेला आली. पुढं सारवलेली बोडकी जमीन, जाळायला काही नाही, ती आपोआप बसली. मग सगळ्यांनी मान वर केली. गंजी नव्हती. गंजी जिथं होती तिथं नुसता गोल डाग. हॉटेलवाल्यानं हातातलं पाणी त्या डागावर ओतलं, आणलंच होतं म्हणून.

"जळाली काय?" कुणीतरी विचारलं.

"राख कुठंय?"

"मग चोरीला गेली," शेजारी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला. "आबा, चोरी झाली तुमची. पोराला कळवाय पाहिजे."

"कळव."

त्यानं खिशातून मोबाइल काढला, नंबर शोधला, आणि अंगठा वर धरून थांबला. "लावू?"

"लाव म्हणलं ना."

"लावतो बरं, आबा."

त्याला सगळं माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्यानं लावला आणि आवाज मोठा केला. पाठीवर पंप घेतलेली सगळी माणसं गोल करून उभी राहिली.

आग लागली आणि गंजी गेली हे ऐकून मुलगा म्हणाला, "बरं झालं, आग लागली तवा कुणी तिथं नव्हतं. आता कडबाच न्हाई म्हणल्यावर प्रश्न मिटला. आबाला सांगा, उद्या सकाळी व्यापाऱ्याची गाडी घेऊन येतो. बैलाला धुऊन ठेवा म्हणावं."

शेजाऱ्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. वारा इतका होता की मला जोरात बोलावं लागलं. हळू बोलून भागलं असतं तर बरं झालं असतं.

"कडबा घरात हाय," मी म्हणालो.

"घरात? कुणी नेला?"

"मी."

"कशापायी?"

आता उंदीर म्हणावं, असं ओठावर आलं होतं. पण उंदीर म्हणालो असतो तर शेजाऱ्यानं म्हातारीला साक्षीला बोलावलं असतं, आणि तोवर गाडी निघाली असती. बैल गल्लीपलीकडं आमच्या दारातल्या लिंबाखाली उभा होता, धुराकडं पाठ करून.

"वारा सुटणार हुता म्हणून," मी ओरडलो.

कुणी हसलं नाही. तेवढं मानलं मी त्यांना. मुलगा म्हणाला, "पण व्हिडिओत तर तुमी म्हणालाव—"

"व्हिडिओ सकाळचा हाय. मला दुपारी कळलं."

"मग गावाला का न्हाई सांगितलं?"

"गाव ऐकतं का कुणाचं?" मी म्हणालो. यावर गोलातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या, कारण त्यांचेही धुरे अजून धुमसत होते, आणि पंप घेऊन ते तिकडं निघाले.

मुलगा गाडी आणणार नाही म्हणाला. कडबा आहे तोवर बैल ठेवायचा, असं बोलणं झालं होतं, आणि तो बोलण्याला पक्का आहे, माझाच मुलगा.

वारा पुढं काही दिवस राहिला, त्यामुळं गंजी परत खळ्यात रचता येईना. म्हातारी शेजारी भाकऱ्या टाकून टाकून कंटाळली. एका संध्याकाळी तिनं लिंबाखालून बैल सोडला आणि आणून आमच्या दाराच्या कडीला बांधला, तोंड घरात, अंग ओट्यावर.

"हे काय?" मी विचारलं.

"खाऊन वाट करू दे त्याला चुलीपर्यंत," ती म्हणाली.

मी बैलाच्या पोटाखालून वाकून घरात गेलो आणि पुढच्या पेंढ्यांचे बंद सोडायला बसलो.